पुन्हा तेच पुस्तक?

“पुन्हा तेच पुस्तक?” असे आमच्या घरात कुणी विचारले, की समजावे, माझ्या हातात ‘स्मृतिचित्रे’ आहे. नवी पुस्तके घरात येत नाहीत असे नाही. दिवाळी अंकांचा ढीगही उशाशी असतो. पण दमूनभागून आलेल्या माणसाला वरणभातच बरा वाटतो, तसा मी लक्ष्मीबाई टिळकांकडे वळतो. मराठीच्या प्राध्यापकाची ही धंद्याची सोय आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत. असेलही!

या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली निघाला. जिला अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने करून दिली, त्या बाईने उतारवयात हे लिहिले, याचे आम्ही वर्गात कौतुक करतो आणि लगेच त्यावर दहा गुणांचा प्रश्न घालतो. एम. ए.ला मीही ते तेवढ्यापुरतेच वाचले. लक्षात राहिले ते लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड. पोट धरून हसलो होतो. मला मुलगी झाल्यावर तीच पाने वाचली, तेव्हा त्या घरातल्या पोरींचे काय होत असेल, हे प्रथम मनात आले.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. वाचायला बंदी, म्हणून रात्री मी वाचून दाखवू लागलो. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन मागे राहिल्या, तो भाग आला.

“परत वाच,” आई म्हणाली. वाचले.

“परत.”

मी लहान असताना बाबांची नागपूरला बदली झाली होती आणि तीन वर्षे ते घरी आले नव्हते, एवढेच मला ठाऊक. डोळ्यांत औषध घालून आई मिटल्या डोळ्यांनी पडली होती. तशीच म्हणाली, “बदलीबिदली काही नव्हती रे. सांगून गेले नव्हते ते.”

कुठे, कशासाठी, हे तिने सांगितले नाही. मला विचारवलेही नाही. मी पुस्तक मिटू लागलो.

“मिटू नकोस. ती जाते ना परत त्यांच्याकडे?”

“जाते.”

“कशी जाते, ते नीट वाच. गाळू नकोस काही.”

तेवढा भाग संपायला आम्हांला तीन रात्री लागल्या.