दहा-एकनंतरचे रहीमसाहेब

मुंबई

चि. सानिकास,


'मैदान' सिनेमा पाहून तुझ्या पोरांनी फुटबॉल प्रशिक्षक रहीमसाहेबांविषयी प्रश्नांचा भडिमार केला आणि तू तो सरळ माझ्याकडे वळवलास. फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसलो. आधीच सांगतो, सुरुवात जकार्ताच्या सुवर्णपदकापासून करणार नाही. सगळे तिथूनच करतात. सिनेमानेही शेवटी तिथेच नेऊन सोडलं.

सुरुवात करायची तर हेलसिंकीपासून. 1952 चं ऑलिंपिक. युगोस्लाव्हिया 10, भारत 1. आपला एकमेव गोल अहमद खानचा. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते आणि समोर युरोपातला एक अव्वल संघ, जो पुढे अंतिम फेरीपर्यंत गेला. भारताचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आदल्याच वर्षी दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत याच रहीमसाहेबांच्या संघाने इराणला 1-0 ने हरवून सुवर्णपदक मिळवलं होतं, मेवालालच्या गोलवर. डोक्यावर घ्यावं असं यश, आणि वर्षभरात दहा गोल पदरात. एखादा असता तर थंडीला, पंचांना, नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता.

त्या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. पण नुसते बूट चढवून कुणी फुटबॉल शिकत नाही. पुढच्या चार वर्षांत काय झालं ते 1956 च्या मेलबर्नमध्ये दिसलं. उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने 4-2 ने नमवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. हा गडी मूळ गोव्यातल्या आसगावचा, खेळायचा मुंबईत टाटांच्या संघाकडून. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आणि उपांत्य फेरीत समोर कोण? पुन्हा युगोस्लाव्हिया.

आता हे पोरांना नीट सांग. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत 1-0 ने पुढे गेला. ज्यांनी चार वर्षांपूर्वी दहा गोल घातले होते, त्यांच्यावर आघाडी! ती टिकली नाही. पुढच्या पंधरा मिनिटांत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले आणि सामना 4-1 असा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने 3-0 ने हरवलं. भारत चौथा. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत त्याआधी आशियातला एकही देश पोहोचला नव्हता. कागदावर दोन्ही पराभवच; पण दहा-एक आणि चार-एक यांच्यामध्ये जे घडलं, तेच माझ्या लेखी रहीमसाहेबांचं खरं देणं. पदकं आपण कपाटात ठेवून विसरलो.

हा माणूस पेशाने शिक्षक. शाळेत शिकवता शिकवता हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचा कारभार अंगावर घेतला आणि मग हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती आला. त्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला, तोही आपल्या मुंबईत, कूपरेजवर. ही स्पर्धा 1891 पासूनची, एके काळी गोऱ्या पलटणींची मक्तेदारी. तुझे आजोबा तेव्हा कूपरेजला जायचे. ते सांगायचे की हैदराबादी संघ आला की मुंबईचे प्रेक्षक आधी शिव्या घालायचे आणि मग नकळत टाळ्या वाजवू लागायचे, कारण ती पोरं चेंडू पायाशी ठेवतच नसत. आला की दिला. संतोष करंडकातही तेच. 1956 आणि 1957, दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात हैदराबादसमोर मुंबई होती आणि दोन्ही वेळा मुंबई हरली. मुंबईकराने रहीमसाहेबांवर इतकं प्रेम करावं यात थोडी गंमतच आहे म्हण.

'आला की दिला' ही सवय लावायची कशी? तुझ्या उपयोगाचं इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. रहीमसाहेब पोरांसाठी चमत्कारिक नियमांच्या स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी. दुसरी फक्त बुटक्या पोरांची. तिसरीत चेंडू मारायचा तो कच्च्या पायानेच. उजव्या पायाने खेळणाऱ्याला उजवा पाय लावायचाच नाही.

ही तिसरी स्पर्धा डोळ्यांसमोर आण. पहिली दहा मिनिटं नुसता हशा. चेंडू भलतीकडे जातोय, पोरं अडखळताहेत. मग हळूहळू काय होतं? पायावर भरवसा नाही, म्हणून पोरगं चेंडू येण्याआधीच मान वर करून बघायला लागतं. कुठे द्यायचा ते आधी ठरवतं, अंग आधी वळवतं. जोरकस फटका जमणार नाही म्हणून जवळचा साथीदार शोधतं, आणि साथीदारालाही जवळ यावंच लागतं. कुणी भाषण न देता सगळा संघ हलू लागतो. ड्रिबलिंगबंदीचंही तसंच. तीन-चार जणांना चकवून वाहवा मिळवण्याची वाटच बंद, तेव्हा मोकळ्या जागेत धावणारा मित्र दिसायला लागतो. शारीरिक ताकदीत कमी पडणाऱ्या देशासाठी याहून शहाणा अभ्यासक्रम मला तरी ठाऊक नाही. आणि खर्च शून्य.

पोरं हेरण्यातही त्यांची नजर तशीच. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळचा गरीब घरातला मुलगा. रहीमसाहेबांनी सरावाला बोलावलं, पण हैदराबादपर्यंत रोज यायला पैसे कुठले? त्यांनी त्याला भाड्याच्या सायकलचे पैसे देऊ केले. हाच बलराम पुढे रोममध्ये, 1960 च्या ऑलिंपिकमध्ये, हंगेरीविरुद्ध गोल करतो. तिथे भारत हंगेरीकडून 1-2 ने हरला, फ्रान्सशी 1-1 बरोबरी झाली, पेरूने 3-1 ने हरवलं. गटातच गाशा गुंडाळावा लागला, पण फ्रान्सशी बरोबरी झाली तेव्हा संघाचा कप्तान होता पी. के. बॅनर्जी आणि आपला गोलही त्याचाच.

बरं, आता जकार्ता. नाहीतर तुझी पोरं मला सोडणार नाहीत.

1962 च्या आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 ने हरवलं. मग थायलंड 4-1, जपान 2-0. थायलंडविरुद्ध बचावातला आपला आधारस्तंभ जर्नेलसिंग याचं डोकं फुटलं, टाके पडले. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामशी गाठ. अशा वेळी कुणीही जर्नेलला बाकावर बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं. बचावपटू, टाके घातलेलं डोकं, आणि खेळतोय आघाडीला! त्याने उपांत्य सामन्यात गोल केला, चुनी गोस्वामीने दोन केले, भारत 3-2 ने जिंकला. अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया; तापातून उठलेल्या उंचपुऱ्या पीटर थंगराजला गोलरक्षक म्हणून परत आणलं, कारण कोरियन उंच चेंडू टाकणार हे त्यांनी ताडलं होतं.

4 सप्टेंबरची ती संध्याकाळ. स्टेडियममध्ये लाखभर लोक, आणि बहुतेक सगळे भारताच्या विरोधात. इंडोनेशियाने तैवान आणि इस्रायलच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि राग निघाला आपल्या दूतावासावर आणि संघावर. पाकिस्तानच्या हॉकी संघाने तेवढा आवाज आपल्या बाजूने दिला, असं पी. के. सांगत असत. आदल्या रात्री कुणालाच झोप येत नव्हती, म्हणून काही खेळाडू बाहेर पडले तर रहीमसाहेबही तिथेच येरझारा घालत होते, हीदेखील पी. के. यांचीच आठवण. सतराव्या मिनिटाला पी. के., विसाव्या मिनिटाला जर्नेल. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, पण सामना 2-1 ने आपला. त्या संघात गोव्याचा फॉर्चुनाटो फ्रँको होता, बलराम होता, हैदराबादचा युसूफ खान होता.

फुप्फुसाच्या कर्करोगाने रहीमसाहेब जून 1963 मध्ये गेले. पदकानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी.

इथून पुढे फुटबॉलवेड्यांचा उसासा सुरू होतो. कूपरेजच्या पायऱ्यांवर आम्ही तो वर्षानुवर्षं ऐकला आणि सोडलाही: रहीमसाहेब असते तर! त्याच्या जोडीला एक बढाई असते की ब्राझीलने 1958 साली जगाला दाखवलेली 4-2-4 ची मांडणी रहीमसाहेबांनी आधीच केली होती. हा दावा मी कुणापुढे करत नाही, तूही करू नकोस. आकड्यांच्या श्रेयात त्यांना रस असता तर कच्च्या पायाच्या स्पर्धा भरवत बसले नसते. उसाशाचं म्हणशील तर तोही मला पटत नाही. त्यांच्यामागे भारत 1964 च्या आशिया चषकात उपविजेता ठरला. 1970 मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळालं. त्या संघाचे एक प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी आणि कप्तान हैदराबादचा नईमुद्दीन. म्हणजे त्यांनी पेरलेलं सात-आठ वर्षं उगवत राहिलं. मग पेरणारे संपले. रोमनंतर भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये दिसलेला नाही, आणि आशियाई स्पर्धेत त्या कांस्यानंतर पदक नाही. यात दैवाला दोष देण्यात काय अर्थ? त्यांची पद्धत लिहून काढावी, गावोगावच्या शाळामास्तरांना शिकवावी, ही कामं महासंघाची होती. ती झाली नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. चाहत्यांनीही मागितली नाहीत. आम्हाला पदकाचा फोटो पुरला.

आता तर डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारेही फारसे उरले नाहीत. 2020 मध्ये पी. के. आणि चुनी लागोपाठ गेले. पुढच्या वर्षी फ्रँको गेले आणि रहीमसाहेबांचे चिरंजीव एस. एस. हकीमही, ते स्वतः रोमला गेलेल्या संघात होते. 2023 मध्ये बलराम. सिनेमा आला तो या सगळ्यांच्या नंतर.

तुझं कोल्हापूर मात्र या बाबतीत वेगळं आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार असल्या तालमींच्या नावावर अख्खी पेठ शाहू स्टेडियमला लोटते, हरल्यावर जेवत नाही. अनिकेत जाधवसारखा पोरगा 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तो याच मातीतून. एवढी माया असलेल्या गावात रहीमसाहेबांचं पोस्टर लावून भागणार नाही. तू असं कर, बारा वर्षांखालच्या पोरांची एक स्पर्धा लाव. पाच-पाच जणांचे संघ, मैदान लहान, चेंडू फक्त कच्च्या पायाने. पक्का पाय लागला की चेंडू समोरच्या संघाला. पालक कुरकुर करतील, करू देत. निदान अख्खा हंगाम सोडू नकोस. पोरं मान वर करून खेळायला लागली की मला फोन कर, मी बघायला येतो.

वहिनींना नमस्कार, दादाला आठवण सांग.

तुझा,
काका