कसब्यांतील गजमस्तक

पुण्यांत लग्नमुंजीची पहिली अक्षत कसबा पेठेंतील शेंदूरचर्चित गणपतीस ठेवावयाची, ही जुनी चाल. तेथून जवळच शनिवारवाडा. त्याच्या दिल्ली दरवाज्यावर, हत्तीनें धडक देऊं नये म्हणून, त्याच्या मस्तकाच्या उंचीवर अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. ज्या मस्तकाची पूजा, तेंच फोडण्याची तजवीज!

परंतु हत्तीचें वार्धक्य मस्तकांत नसतें; तें दाढांत व पायांत असतें. त्याला आयुष्यांत सहा वेळां दाढा येतात. साठीच्या सुमारास शेवटच्या झिजल्या, कीं चारा चावत नाहीं. बंदिवासांत मात्र पुष्कळांचे पाय त्याआधींच निकामी होतात. रानांत कोसचे कोस हिंडणारा हा जीव फरसबंदीवर साखळदंडानें उभा राहिला, कीं तळवे चिरतात, नखांत पू होतो, सांधे धरतात.

कोल्हापूर जिल्ह्यांतील नांदणी मठाची महादेवी हत्तीण २०२५ सालीं न्यायालयाच्या आज्ञेनें जामनगरास नेली, तेव्हां तिच्या पायांचीं व सांध्यांचीं दुखणीं हेंही एक कारण होतें. वय अवघें ३६च्या सुमारास! तिला निरोप देतांना गांव रडलें, तें खोटें नव्हतें. पण मायेनें तळवे मऊ होत नाहींत. ज्या देवस्थानास हत्ती ठेवावयाचा असेल, त्यास आम्ही झूल-अंबारीचें विचारणार नाहीं. मातीची मोकळी जमीन, डुंबण्यापुरतें पाणी, स्वजातीयाची सोबत आणि रोज पाय उचलून पाहणारा माहूत आहे काय, एवढेंच विचारूं.