मारेगावची गाय आणि तिच्या पोटातले बिऱ्हाड

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता करंजीपाशी सोडून वणीची वाट धरली की मारेगाव लागते. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाने मुद्दाम वाकडी वाट करून यावे असे इथे काय आहे, असे कोणी विचारील, तर मी सांगेन, काळी माती आहे. पावसाळ्यात ती पायाला अशी चिकटते की चार पावले चालल्यावर माणसाची उंची दोन बोटे वाढावी. या मातीत कापूस होतो, तूर होते, हल्ली सोयाबीनही फार. रस्त्यावरून वणीच्या खाणींतला कोळसा घेऊन मालमोटारी धावतात, आणि आडवाटेला वळले की कोलामांचे एखादे पोड लागते. पोड म्हणजे वस्ती. शेणाने सारवलेली अंगणे, कुडाच्या भिंती आणि दाराशी हमखास एखादी शेळी नाही तर वासरू.

मी गेलो तेव्हा पोळा होऊन गेला होता. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून उतरला नव्हता. पऱ्हाटी फुलावर होती, सोयाबीन पिवळे पडू लागले होते. संध्याकाळी ढोरकी गुरे घेऊन आखरावर आला आणि मी, वर्षातून एकदा वसुबारसेला, तीही बहुधा पाटावर मांडलेल्या चित्रातली गाय पाहणारा शहरी माणूस, जित्याजागत्या गाईंपुढे जाऊन उभा राहिलो.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या कोठ्यात दोन गाई होत्या. गोठ्याला इकडे कोठा म्हणतात. एक थोराड, तांबूस, जर्सीच्या रक्ताची संकरित. दुसरी बुटकी, पांढुरकी, गावठी. गव्हाणीत दोघींपुढे तुरीचे कुटार आणि कडबा. थोरलीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या आणि धाकटीची कातडी तेल लावल्यासारखी तुकतुकीत. मी घरधन्यांना विचारले, "काका, दोघींना चारा एकच घालता का?"

"हाव ना भाऊ," ते म्हणाले. "गव्हान बी एकच, चारा बी एकच. पन पोट एक नाई."

या चार शब्दांत जे शास्त्र आहे ते शोधायला जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा गेली काही वर्षे खपत आहेत. शिवाय या प्रश्नाला इकडे एक दुखरी कडा आहे. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना त्यांनी जाहीर केली. त्या सहांत यवतमाळ होता. कापसाला जोडधंदा हवा म्हणून सवलतीच्या दरात दुभत्या गाई देण्याचा कार्यक्रम त्या काळी झाला. हेतू चांगला होता. पण संकरित गाय घरी आली म्हणजे तिला हिरवा चारा लागतो, ढेप लागते, उन्हाळ्यात सावली आणि भरपूर पाणी लागते. आणि कोरडवाहू कापूसवाल्याजवळ नेमके तेच नसते. घरच्या माणसांपेक्षा गाईच्या पोटाचा खर्च जड झाला अशा तक्रारी त्या वेळी वर्तमानपत्रांतून आल्या. कित्येकांनी गाई विकून टाकल्या. गाय देताना तिच्या दुधाचा हिशोब झाला, पोटाचा राहून गेला.

आता हे पोट म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहू. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला सर्वांत मोठा. त्याला कोठीपोट म्हणतात आणि मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. आपल्या स्वयंपाकघरातला पाण्याचा पिंपच म्हणा! मौज अशी, की गवत-कडब्यातला काष्ठमय भाग पचवणारा रस गाईचे शरीर तयारच करीत नाही. ते काम करतात कोठीपोटातले सूक्ष्म जंतू. चहाचा एक चमचाभर रस घेतला तर त्यात पृथ्वीवरल्या माणसांहून अधिक जीवाणू निघतील. ते चारा आंबवतात, त्यातून जी आम्ले सुटतात त्यांवर गाय जगते आणि दूध देते. पुढे ते जंतूही वाहत खालच्या कप्प्यांत जातात आणि गाय त्यांनाही पचवते. म्हणजे बिऱ्हाडकरूंकडून भाडे घ्यायचे आणि शेवटी बिऱ्हाडकरूच गिळंकृत करायचा! आमच्या चाळीच्या मालकालाही हे कधी सुचले नाही.

हे बिऱ्हाड जपावेही लागते. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात किंवा पोळ्याला कौतुकाने चारलेल्या ढीगभर पुरणपोळ्या बैलाच्या जिवावर बेततात, त्याचे कारण इथेच आहे. पिठूळ अन्न एकदम आले की आंबट आम्ल करणारे जंतू माजतात, बाकीचे मरतात, आणि जनावर आडवे होते. तेव्हा नैवेद्य घासभरच बरा.

वासरू जन्मते तेव्हा त्याचे कोठीपोट अगदी लहान आणि जवळजवळ रिकामे असते. आईचे चाटणे, तिची लाळ, गोठ्यातली माती, शेण यांतून जंतू एकेक करून आत शिरतात. मग घरधन्यांचे "पोट एक नाई" खरे कसे? एका गोठ्यातल्या, एका गव्हाणीवरच्या गाईंच्या पोटात एकाच जातीचे बिऱ्हाडकरू यायला हवेत.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथे पॉल वायमर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावण्यासाठी एक विलक्षण प्रयोग केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. काही संशोधनाच्या गाईंच्या कुशीला झाकण असलेली खिडकी बसवलेली असते. तिच्यातून हात घालून पोटातला ऐवज काढता येतो. वायमरमंडळींनी दोन गाईंची कोठीपोटे जवळजवळ पूर्ण रिकामी केली आणि हिचा ऐवज तिच्यात, तिचा हिच्यात भरला. पोटाचा आंबटपणा एका दिवसात ज्याचा त्याच्यावर आला. जंतूंचे काय झाले? एका गाईत चौदा दिवसांत आणि दुसरीत एकसष्ट दिवसांत पहिल्यासारखीच वस्ती पुन्हा उभी राहिली. सगळ्याच गाईंत हे इतक्या नेटाने घडले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण घरमालकीण आपल्या पसंतीचे बिऱ्हाडकरू परत बोलावून घेते, हे दिसले.

ही पसंती आईबापांकडून येते काय? युरोपातल्या चार देशांत, म्हणजे ब्रिटन, इटली, स्वीडन आणि फिनलंड येथे, हजारावर दुभत्या गाईंची पोटे आणि त्यांचे रक्त तपासून २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडमधील ॲबरडीनचे जॉन वॉलेस आणि इस्राएलचे इत्झाक मिझराही ही त्यातली प्रमुख नावे. सर्व गाईंत सामान्यतः आढळणाऱ्या जंतूंपैकी ३९ जातींचे प्रमाण गाईच्या वंशावर ठरते असे त्यांना आढळले. शेकडो जातींत ही ३९ म्हणजे मूठभरच. पण गावात पाटील, सुतार, लोहार थोडे असले तरी त्यांच्यावाचून गावगाडा चालत नाही, तशी यांची गत. दूध किती, ढेकरातून जाणारा मिथेन वायू किती, यांच्याशी त्यांचा संबंध दिसला. चाऱ्यातल्या शक्तीचा शंभरातला दोन ते बारा भाग या वायूतून हवेत जातो. शेतकऱ्याने विकत आणलेली ढेप अशी ढेकरावाटे उडून जाते!

तेव्हा रक्ताचे माप फार मोठे करू नये. चाऱ्याचा अंमल त्याहून पुष्कळ अधिक आहे. कोठ्यातल्या थोरल्या गाईच्या बरगड्यांचा सगळा दोष वंशागत जंतूंवर घालणे चुकीचे होईल. तिचा देहच मोठा, तो नुसता राखायलाच जास्त खावे लागते. उन्हाने तिची भूक मरते. गावठी गाईची गरजच थोडी, म्हणून रुक्ष कुटारावर ती तग धरते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली गवळाऊ ही नामांकित जात अशाच काटकपणासाठी प्रसिद्ध आहे. हेटीकुंडीच्या सरकारी प्रक्षेत्रावर ती जोपासली जाते.

आणि काही बिऱ्हाडकरू असे, की त्यांना वंशाची चिठ्ठी लागतच नाही. सुबाभूळ आपल्याकडे वाढली ती विशेषतः १९७० नंतरच्या दशकात. पुण्याजवळच्या उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापलेल्या बाएफ या संस्थेने तिचा मोठा प्रचार केला. पाला चविष्ट, पण त्यात एक विष आहे. जनावराने फार खाल्ला तर केस गळतात. ऑस्ट्रेलियात गुरांना तो बाधत असे, हवाई बेटांवरच्या शेळ्यांना मात्र नाही. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ओळखले, की फरक शेळीत नाही, तिच्या पोटातल्या एका जंतूत आहे. त्या शेळ्यांचे जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले आणि तीही पाला पचवू लागली. पुढे १९९२ साली त्या जंतूला जोन्स यांचेच नाव मिळाले. कळपात एकाच्या पोटात तो आला की शेजाऱ्यांकडेही पसरतो. रक्ताला विचारतो कोण!

मी हे सारे काकांना माझ्या परीने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि गावठी गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मंग सायबाइनं गाय देतानी तिच्या पोटाले बी विचारा लागत होतं."

तसे विचारण्याची रीत आता कोठे सुरू होत आहे. कृत्रिम रेतनासाठी वळू निवडताना त्याच्या आईचे व मुलींचे दूध पाहतात. कॅनडात एप्रिल २०२३ पासून होल्स्टिन वळूंच्या तक्त्यात, त्यांच्या मुली मिथेन कमी सोडतील की जास्त, याचाही आकडा छापला जाऊ लागला आहे. कॅनडाला वायूची चिंता आहे. मारेगावच्या शेतकऱ्याला त्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा आहे: नुसत्या कुटार-कडब्यावर, मे महिन्याच्या उन्हात, ही कालवड किती दूध देईल?