कॅसेटची दुसरी बाजू

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या तालुक्याच्या गावी लघुपटांचा महोत्सव भरला. महोत्सव म्हणायचे, पण थाट काही नव्हता. शाळेचे सभागृह, उजेड अडवायला खिडक्यांवर घरोघरच्या चादरी, समोर नव्याने चुना मारलेली भिंत आणि एका क्लासवाल्यांकडून दिवसभरासाठी मागून आणलेला प्रोजेक्टर. कॉलेजच्या मुलामुलींनी वर्गणी काढून सगळे जमवले होते. अटी दोनच: चित्रपट पंधरा मिनिटांपेक्षा मोठा नको आणि गोष्ट आपल्या भागातली हवी. अकरा चित्रपट आले. त्यांतला आठ मिनिटांचा एक माझ्या लेकीचा होता.

घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, असे मानणाऱ्यांपैकी मीही एक. पण त्या आठ मिनिटांबद्दल आज लिहिते आहे, कारण तशी गोष्ट आणखीही काही घरांत असेल असे वाटते.

कोकणात ज्यांच्या घरचे पुरुष आखातात होते, त्यांना कॅसेट म्हणजे काय हे सांगायला नको. तेव्हा घरात फोन नव्हता आणि पत्र यायला आठवडे लागत. म्हणून माणसे कॅसेटमध्ये बोलून पाठवत. सुट्टीवर येणाऱ्या गाववाल्याच्या बॅगेत साबण, अत्तर, दूध पावडर आणि त्याखाली ती कॅसेट. संध्याकाळी टेपरेकॉर्डरभोवती सगळे घर बसे. पहिली बाजू सगळ्यांसाठी असे. सलाम, थोरल्यांची विचारपूस, मग आम्हा मुलांची नावे घेऊन प्रत्येकासाठी एकेक वाक्य. माझे नाव येईपर्यंत मी श्वास रोखून बसे. दुसरी बाजू अम्मासाठी असे. ती लागली की आम्हाला अंगणात पिटाळत.

१९८८ साली मी दहावी झाले. गुण चांगले होते. कॉलेज तालुक्याला, एसटीने तासाभरावर. मी वह्यासुद्धा आणल्या होत्या. एका सकाळी घरातल्या थोरल्यांनी सांगितले, “कुवेतहून तुझ्या अब्बांचा निरोप आलाय. आता शिक्षण पुरे.” अब्बांचा शब्द म्हटल्यावर विषय संपला. १९९० च्या एप्रिलमध्ये माझा निकाह झाला. अब्बांना रजा मिळाली नाही. ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि अब्बा इराकमार्गे अम्मानला पोहोचून, आपल्या सरकारने पाठवलेल्या विमानाने अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. मी भेटायला गेले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. पण माझ्या मनात गाठ होती आणि मी ती सुटू दिली नाही. नऊ वर्षांनी ते गेले, तेव्हाही गाठ तशीच होती.

माझी लेक मुंबईला शिकते. गेल्या पावसाळ्यात ती नानीकडे राहायला गेली आणि माळ्यावर तिला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत अब्बांच्या चौदा कॅसेटी. काहींच्या फितीला बुरशी आली होती. बाजारात अजूनही टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे बसून तिने फिती साफ करून घेतल्या आणि आवाज कॉम्प्युटरवर उतरवला. एका रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, “अम्मी, बसून ऐक.”

मागे एसीची घरघर. कुणीतरी खोकते. मग अब्बा. “पोरीची शाळा थांबवू नका. एसटीचा पास काढा, पैसे मी पाठवतो. थोरल्यांना सांग, हे माझं बोलणं आहे.”

मी तीन वेळा ऐकले. सदतीस वर्षे मी ज्या माणसावर रुसले होते, तो माझ्याच बाजूने बोलत होता. आणि त्याची मगफिरत मागताना माझा आवाज नेहमी थोडा कोरडा असे, हे फक्त मला माहीत होते.

लेकीला यावर चित्रपट करायचा होता. मी नको म्हटले. अम्मा हयात आहे. ऐंशी ओलांडलेल्या बाईची चूक भिंतीवर लावून गावाला दाखवायची? लेक म्हणाली, “मग नानीलाच विचारू या. ती नको म्हणाली तर विषय संपला.”

आम्ही अम्मासमोर बसलो आणि आवाज लावला. अम्मा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “ही मी ऐकली होती. एकदाच. मग डब्यात ठेवली.” बराच वेळ गेला. “तेव्हा बोलले असते तर घर फुटलं असतं. नवरा परदेशात, पदरात चार पोरं. तू गप्प बसशील हे मला माहीत होतं. म्हणून मीही गप्प बसले. तुझ्या बापाचं नाव मात्र उगाच खराब झालं.”

मला रागवायचे होते. पण समोर तांदळाचे सूप होते आणि त्यावर थरथरणारे दोन हात. मी खडे वेचायला लागले.

उठताना अम्मा नातीला म्हणाली, “कर तुझा सिनेमा. माझं तोंड नको दाखवू, हात दाखव. आणि कुणी अडवलं ते त्यात नको. ते आता जाब द्यायला इथे नाहीत.” त्याप्रमाणे लेकीने “थोरल्यांना सांग” हे शब्द काढून टाकले. मीही इथे त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

महोत्सवाला दोनशे खुर्च्या होत्या, त्या भरून मागे माणसे उभी होती. पहिला चित्रपट २०२१ च्या जुलैमधल्या चिपळूणच्या पुरावर होता. चिखलाने भरलेले शिलाई मशीन धुणारा एक दर्जी, एवढेच. दुसरा निसर्ग वादळात सुपारीची बाग गेलेल्या श्रीवर्धनच्या आजोबांचा. जोहरच्या नमाजला आणि जेवणाला सुट्टी झाली, तेव्हा एक गृहस्थ कुरकुरले की आपल्या मुलींनी कॅमेरा धरायचा म्हणजे काय. आमचे निवृत्त गुरुजी शांतपणे म्हणाले, “भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक फातमा बेगम. १९२६ साली तिने ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढला. आपण उशीर केलाय, घाई नाही.”

मला मालेगाव आठवत होते. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा यंत्रमागावर राबणारी माणसे पडद्यावर शेजारीपाजाऱ्यांनाच पाहून हसली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ती धडपड जगाला दाखवली. पडद्यावरचा माणूस आपल्या गल्लीतला असला की पाहणाऱ्याची नजर बदलते. तो टीका करायला विसरतो, आधी ओळखतो.

लेकीचा चित्रपट सातवा होता. भिंतीवर अम्माचे हात: तांदूळ निवडणारे, डबा उघडणारे, पेन्सिल घालून सैल झालेली फीत गुंडाळणारे. वरून अब्बांचा आवाज. “एसटीचा पास काढा” आले तेव्हा सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. मला वाटले, मीच. पण मी नव्हते. अम्मा माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला नाही, मीही तिचा धरला नाही. दोघी भिंतीकडे पाहत होतो.

दिवे लागल्यावर टाळ्या जरा उशिराने वाजल्या. मग बायका अम्माभोवती जमल्या. मी घाबरले होते, कुणी काही टोचून बोलेल म्हणून. कुणी बोलले नाही. दाभोळकडच्या एक आपा म्हणाल्या, “आमच्याकडेही असा डबा आहे. मी लावायची हिंमत केली नाही.” दुसऱ्या एकीने विचारले, “ते दुरुस्तीवाले चाचा बाजारात कुठे बसतात?” अम्माने पत्ता नीट समजावून सांगितला, मशिदीच्या मागची तिसरी टपरी.

मोठ्या पडद्यावरचे सिनेमे आपण पाहतो. त्यांत आपली माणसे कधी चांगली, कधी वाईट, पण बहुतेक वेळा दुसऱ्यांनी रंगवलेली असतात. त्याची तक्रार आपण खूप केली. त्या रविवारी मुलांनी तक्रार केली नाही. घरातला मोबाइल उचलला, वडीलधाऱ्यांना विचारले, त्यांची लाज राखली आणि खरे तेवढे सांगितले. आपण मोठ्यांनी करायचे ते एवढेच की जाऊन खुर्चीवर बसायचे आणि शेवटपर्यंत ऐकायचे. कॅसेटची दुसरी बाजूसुद्धा.

आता फजरनंतर अब्बांसाठी दुआ करते, तेव्हा आवाज कोरडा राहत नाही. लेकीने मला बारावीच्या परीक्षेसाठी खाजगीरीत्या बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला आहे. अजून भरलेला नाही. अम्मा रोज विचारते, “भरलास का?”