डॅन्यूबच्या किलिया फाट्यावर
ओडेसाहून इझमाईलला जाणारा रस्ता बुजाकच्या सपाट माळावरून नैर्ऋत्येला जातो. पालांकापाशी तो काही किलोमीटर चक्क मोल्दोव्हाच्या हद्दीतून जातो. युक्रेनमधून युक्रेनमध्येच जायला परक्या देशाची माती ओलांडावी लागते. पुढे काटलाबुखचं लांबट, उथळ सरोवर आणि मग डॅन्यूबचा किलिया फाटा. पलीकडचा काठ रोमानियाचा. समोर दिसते ती झाडी आणि लव्हाळं. डॅन्यूबवर या दोन देशांना जोडणारा एकही पूल नाही. इझमाईलची ओळख मात्र नदीवरून करून दिली जात नाही, १७९० च्या हल्ल्यावरून दिली जाते. सुवोरोव्हच्या रशियन फौजेने डिसेंबरात हा तुर्की किल्ला एका दिवसात घेतला, हजारो माणसं मेली, बायरनने त्यावर काव्य लिहिलं. किल्ल्यातली एक लहान मशीद तेवढी उरली आहे. तिच्यातही त्याच लढाईचा भव्य देखावा मांडला आहे.

मला ही ओळख अपुरी वाटते; या गावाचं मोल किल्ल्याने नव्हे, नदीच्या मुखाने ठरवलं. रशियाने इझमाईल १७७० मध्ये जिंकलं आणि १७७४ च्या तहात परत दिलं. १७९० मध्ये एवढं रक्त सांडून घेतलं, ते १७९२ मध्ये पुन्हा सोडलं. १८०९ मध्ये तिसऱ्यांदा घेतलं आणि १८१२ च्या बुखारेस्ट तहाने कुठे ते टिकलं. तेही १८५६ पर्यंतच. क्रिमियन युद्धानंतर पॅरिसच्या तहाने इझमाईलसकट दक्षिण बेसाराबिया मोल्दावियाला मिळाला, किल्ला पाडण्यात आला. कारण उघड होतं: डॅन्यूबचं मुख रशियाच्या हाती नको. डॅन्यूबच्या सुलिना या दुसऱ्या फाट्याच्या मुखात रशिया मुद्दाम गाळ साचू देतो, अशी पाश्चात्त्य व्यापाऱ्यांची तक्रार होती. त्याच तहाने नेमलेल्या युरोपीय आयोगाने सुलिना खोल करून घेतलं. किलिया फाट्यात पाणी जास्त, पण समुद्राशी तो अनेक तोंडांनी फुटतो आणि गाळाने भरतो. मोठी जहाजं सुलिनाकडे वळली. १८७८ मध्ये रशियाला इझमाईल परत मिळालं खरं, पण सुलिनासकट त्रिभुज प्रदेश रोमानियाकडे गेला. म्हणजे गाव मिळालं, दरवाजा नाही!

कोणी म्हणेल, अलीकडे या बंदराला महत्त्व आलं ते युद्धामुळे, भूगोलामुळे नव्हे. २०२२ मध्ये रशियाने काळा समुद्र रोखला म्हणून युक्रेनचं धान्य डॅन्यूबवरच्या इझमाईल आणि रेनी या बंदरांच्या धक्क्यांवर आलं. पुढे ओडेसाचा सागरी मार्ग खुला झाल्यावर बराच माल परत गेला. हे खरं आहे. ओडेसाच्या खोल पाण्याशी नदीतलं बंदर स्पर्धा करू शकत नाही. पण हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो. जून २०२२ अखेर रशियन सैन्य डॅन्यूबच्या मुखासमोरच्या सर्पबेटावरून हटलं, तेव्हा कुठे किलियाच्या बिस्त्रे मुखातून जहाजं आत येऊ लागली. या मुखातला गाळ उपसण्याला रोमानियाचा २००४ पासून विरोध, तोही त्रिभुज प्रदेशातल्या पाणथळीच्या काळजीने. युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रातून नेऊ देणाऱ्या करारातून रशिया १७ जुलै २०२३ ला बाहेर पडला आणि २ ऑगस्टला त्याच्या ड्रोननी इझमाईलच्या बंदरावर हल्ला केला. धान्याची कोठारं जळली. नदीच्या दुसऱ्या काठावर नाटोची हद्द होती.