छपराचा पूल आणि आमचा साकव

आमच्या गुरुजींनी वर्गात एका पुलाचे चित्र लावले आहे. पूल लाकडाचा आहे आणि त्याला घरासारखे छप्पर आहे. मला आधी तो गोठाच वाटला. गुरुजींनी सांगितले, हा पूल अमेरिकेत कनेक्टिकट नदीवर आहे. तो १८६६ साली बांधला. त्याच्या आधीचा पूल पुराने नेला होता. हा सुमारे साडेचारशे फूट लांब आहे आणि अजून त्याच्यावरून मोटारी जातात. छप्पर माणसांसाठी नाही, लाकूड भिजून कुजू नये म्हणून आहे. गंमत म्हणजे पूर्वी थंडीत तिकडे बर्फावरून घसरणाऱ्या बिनचाक्या गाड्या असत. त्या जाव्यात म्हणून अशा पुलांमध्ये लोक बाहेरचा बर्फ आणून पसरत!

मी घरी आजोबांना हे सांगितले. आजोबा दरवर्षी मिरगाच्या आधी आमच्या व्हाळावर साकव घालतात. माडाचे दोन सोट, वर आडवे बांबू बांधायचे आणि धरायला एका बाजूला बांबूच. ते हसले नि म्हणाले, "झिला, आमच्या साकवाक कुजाक वेळ खंय गावता? तेच्या आधी व्हाळ घेऊन जाता."

त्या पुलावर एक पाटी आहे. घोडा चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. घोडे धावले की पूल हादरतो. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा सगळे हसले, मी हसलो नाही.

गेल्या श्रावणात शाळा सुटल्यावर मी साकवावरून धावलो. धावू नको असे आजोबांनी शंभरदा बजावले होते. मागून धाकटी बहीण येत होती. साकव हलला, बांबू ओले होते, ती घसरली. तिचा पाय बांबूंच्या मधे अडकला म्हणून ती राहिली. खाली पाणी लालभडक होते. तिचे दप्तर गेले ते गेलेच. घरी मी सांगितले, बांबू सुटला. बहीण एका लिमलेटच्या गोळीवर गप्प बसली.

आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भर पावसात इरले घेऊन गेले आणि साकवाच्या सगळ्या गाठी सोडून परत बांधल्या. एकही गाठ सैल नव्हती. मी कडेला उभा राहून बघत होतो.

शनिवारी पालक भित्तिपत्रक बघायला येणार आहेत. आजोबांना एवढे बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून हे मीच त्यांना वाचून दाखवणार आहे.