दोन इंचांची मोकळीक

घड्याळ अंदाजाने घेता येते. शर्टाला जुन्या शर्टाचे माप चालते, चपलेला जुनी चप्पल. सायकलीला माणूस स्वतः लागतो, आणि तोही अनवाणी, भिंतीला पाठ लावून, दोन पायांमध्ये जाड पुस्तक धरून उभा. पुस्तक वर जाईल तितके दाबायचे, त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारायची आणि जमिनीपासून रेघेपर्यंत टेप लावायची. पँटच्या आतल्या शिवणीवरून हे माप निघत नाही, कारण पँट घोट्यापाशी संपते आणि वर शिंप्याने थोडी सैल सोडलेली असते. दोरीवर वाळत घातलेली पँट मी मोजून पाहिली होती. भिंतीवरची रेघ तिच्याहून पुष्कळ वर आली. या रेघेवरून सायकलीचा सांगाडा ठरतो. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर वरची दांडी आणि माणूस यांच्यामध्ये निदान दोन इंच जागा राहायला हवी, डोंगरात तर थोडी जास्तच, कारण तिथे पाय कुठे आणि कधी टेकावा लागेल याचा नेम नसतो.

ह्यांच्या निवृत्तीला डोंगरी सायकल द्यायची, हे मी मनाशी केव्हाच ठरवले होते. गुपचूप आणून दारात उभी करावी असेही वाटे. पण अंगाला न बसणारी सायकल अचानक दारात आली म्हणून गुडघा दुखायचा राहत नाही. मी टेप घेऊन सरळ समोर उभी राहिले. “अहो, जरा भिंतीला टेका.” ते टेकले. कशासाठी, हे पुस्तक हातात दिल्यावर विचारले.

कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 100 किलोमीटर. जायला दोन तासांहून जास्त आणि यायला तितकेच. कर्जतच्या घराघरात हा हिशेब अंगात मुरलेला आहे. पहाटे अंधारात निघणारी माणसे, त्यांचे डबे, त्यांचे ठरलेले डबे आणि ठरलेल्या खिडक्या, गाडीतली भजने, परतीला बदलापूर सोडल्यावर लागलेली डुलकी. ह्यांनी सगळी नोकरी अशी केली. उजवा खांदा वरच्या कडीला लटकून लटकून आखडला आहे. रात्री कूस बदलताना तो पहिल्यांदा बोलतो. परतताना नेरळच्या आसपास एका बाजूला माथेरानचा डोंगर येतो आणि दुसरीकडे दूरवर भीमाशंकराकडची रांग. ती रांग ह्यांनी आयुष्यभर खिडकीतून पाहिली. कोथळीगडाच्या सुळक्याच्या पोटात खोदलेला जिना आहे, कोंढाण्याची लेणी पावसात पाण्याच्या पडद्याआड जातात, ढाकच्या बहिरीची वाट अवघड आहे, हे सगळे ते मला सांगतात, आणि ऐकणाऱ्याला कळते की हे बोलणे रविवारी दुपारी पंख्याखाली झोपून झालेले आहे. उरलेल्या आयुष्यात ती नावे त्यांच्या पायांखाली यावीत, एवढेच मला हवे होते.

माझे माहेर खोपोलीचे. मुंबई-पुणे सायकल शर्यत घाटाकडे जायची तेव्हा आम्ही पोरे रस्त्याच्या कडेला उभी असायचो. घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पातळ टायर, वाकलेले हँडल, आणि अंगावर इतका घाम की स्वार जवळून गेला की वास यायचा. त्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे; इंग्रजांना ही वाट एका धनगराने दाखवली आणि तो हा शिंग्रोबा, असे लोक सांगतात, नि गाडीवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात. सायकल म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे पहिली ती शर्यतीची सायकल येते. पण ह्यांना कुठलाच राजा व्हायचे नव्हते. त्यांना कडाव, कशेळ्याच्या पुढे डांबर संपते तिथे जायचे होते. आमच्याकडे मुरमाचे रस्ते आहेत, ओढ्यातले गोटे आहेत, भातखाचरांचे बांध आहेत, आणि पावसाळ्यात दगडांवर हिरवे शेवाळ चढते. पातळ टायर इथे एक सकाळ टिकणार नाही.

दुकानात गेले की पहिल्यांदा दाखवतात ती पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली सायकल. दिसायला रुबाबदार, स्वस्तातली असली की आणखीच. तिच्यापासून दूर राहावे असे माझे स्पष्ट मत झाले आहे. 15-20 हजारांत चांगली मागची स्प्रिंग बसवता येत नाही. ती सायकल नुसती जड होते, आणि चढावर पायाने लावलेला जोर चाकापर्यंत पोचायच्या आधी स्प्रिंगेत जिरतो. पुढचा फोर्क दबणारा असावा, 100 मिलिमीटर पुरे; डांबरावर तो कुलूप लावून घट्ट करता यावा. मागचा सांगाडा सरळ, ताठ. मागे दबायचे काम माणसाच्या गुडघ्यांनी करावे, त्यासाठीच पेडलांवर उभे राहायचे असते.

गिअरबद्दल दुकानदार आकडे सांगत राहिला, एकवीस, चोवीस, सत्तावीस. मला फक्त सर्वांत हलका गिअर पाहायचा होता: पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी. कर्जतच्या माणसाला हे समजावून द्यावे लागत नाही. बोरघाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना आमच्या स्टेशनात मागून बँकर इंजिने लावतात. ती लागली म्हणून गाडी वेगाने जात नाही. ती मागे सरकत नाही आणि चढत राहते. साठीच्या माणसाच्या सायकलीला मागची चकती तशी हवी. मी दुकानात सायकल स्टँडवर चढवून चेन त्या चकतीवर आणायला लावली आणि हाताने पेडल फिरवून पाहिले. चाक सावकाश, पण दमदार फिरले.

ब्रेक डिस्कचेच घ्यायचे, याबद्दल दुमत नाही. रिमला धरणारे रबर चिखलात आणि पाण्यात निसटते, आणि आमच्याकडे चार महिने दुसरे काही नसते. पण डिस्कमध्ये दोन प्रकार: एक तेलावर चालणारा, एक तारेवर. तेलाचा मऊ, एका बोटाने लागतो. तारेचा थोडा राकट. मी तारेचा निवडला, कारण त्याला एक षटकोनी पाना पुरतो. तेलाच्या ब्रेकमध्ये हवा शिरली तर सायकल डब्यात घालून कल्याण गाठावे लागेल. तारेचा बाजारातला आमचा सायकलवाला पाच मिनिटांत आवळून देईल. दूर गावी दुरुस्त होणारी वस्तू भेट देणे म्हणजे माणसाला पुन्हा गाडीच्या वेळापत्रकाला बांधणे. ते मला करायचे नव्हते.

डोंगरी सायकल नवलाची आणि परदेशी, असे पुष्कळांना वाटते. तिचा जन्म कॅलिफोर्नियातला हे खरे. मॅरिन काउंटीत माउंट टॅमल्पायस नावाचा डोंगर आहे. 1970 नंतरच्या दशकात तिथली पोरे जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली भंगारातून काढून त्याच्या मातीच्या उतारावरून सोडायची. 1976 साली त्यांनी त्याच काउंटीत शर्यत सुरू केली. पेडल उलटे मारून लागणारे ब्रेक उतारावर इतके तापत की चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला नवे भरावे लागे. त्या भरण्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ नाव पडले. पुढे त्यांच्यातल्याच जो ब्रीझ याने 1977 साली या कामासाठी मुद्दाम सांगाडा बनवायला घेतला, आणि 1981 मध्ये कारखान्यात तयार झालेली सायकल बाजारात आली. 1996 च्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत झाली.

हे वाचताना मला आमचे दूधवाले आठवत राहिले. काळी, भक्कम सायकल, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना किटल्या, आणि पहाटे बांधावरून, ओढ्यातून स्टेशनाकडे. त्यांच्या सायकलीला ना गिअर, ना स्प्रिंग, आणि पोटासाठी रोज तीच डोंगराची माती. त्यांची शर्यत कुणी भरवली नाही, म्हणून ती कुठे लिहिली गेली नाही.

बसायची सीट ही सर्वांत नाजूक निवड. मऊ, फुगलेली गादी पाहून फसू नये. तासाभराने ती नको तिथे दाबते. सीटची रुंदी बसण्याच्या दोन हाडांवर ठरते. ती मोजायलाही घरचाच उपाय आहे. किराण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी लाकडी पाटावर ठेवला आणि ह्यांना थोडे पुढे वाकून त्यावर बसवले. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. बोट फिरवले तरच कळतील इतके उथळ, डावा उजव्यापेक्षा किंचित खोल. आखडलेला उजवा खांदा सांभाळायला हा माणूस इतकी वर्षे डावीकडे कलून बसत आला आहे, हे मला त्या पुठ्ठ्याने सांगितले. दोन खळग्यांच्या मध्यांतले अंतर मी टेपने घेतले, आणि हँडलही थोडे उंच, अंगाकडे आलेले मागायचे ठरवले.

एक गोष्ट दुकानाच्या कुठल्याही यादीत नव्हती. डोंगरी सायकलीला बहुधा घंटी नसते. मडगार्ड नाहीत, स्टँड नाही, घंटीही नाही. ती रानात एकटी जाणार असे धरलेले असते. आमचे रान एकटे नाही. ज्या वाटेवर ह्यांना मजा वाटणार आहे ती ठाकरवाडीची, कातकरवाडीची येण्याजाण्याची एकुलती वाट असते. दळण, आजारी माणूस, शाळेची पोरे, सगळे तिच्यावरून. 19 जुलै 2023 च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रे नेता आली नाहीत; मदतीला गेलेली माणसे पावसात पायी चढली आणि हातांनी माती उपसत राहिली. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की मी खिडकीतून डोंगराकडे पाहते, आणि ते पाहणे पूर्वीसारखे नसते. म्हणून ह्यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. मुसळधारेत घाटाखालच्या वाटा नाहीत. आणि समोरून डोक्यावर मोळी घेतलेली बाई आली तर उतरायचे, सायकल कडेला घ्यायची. मोळीखाली मान वर होत नाही. तिला चाक दिसण्याआधी आवाज कळायला हवा. मी पितळी घंटी वेगळी विकत घेतली, अंगठ्याने वाजणारी, जुन्या पद्धतीची. दुकानातला मुलगा म्हणाला, “ताई, हिच्यावर शोभत नाही.” मी म्हटले, “बसव.” मडगार्डही बसवून घेतले.

कल्याणहून सायकल आणली ती लगेजचे तिकीट काढून, मालडब्यातून. इतक्या वर्षांच्या प्रवासात ह्यांनी त्या डब्यात पाय ठेवला नव्हता. भाजीच्या रिकाम्या पाट्या, दोरीने बांधलेली पोती, आणि दूध घालून परतणारे दोघे-तिघे, रिकाम्या किटल्यांवर बसलेले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने सायकलीभोवती फेरी मारली. किती गिअर, केवढ्याला, असले काही विचारले नाही. पुढच्या टायरवर अंगठा दाबला, मग मागच्या.

“कुठं जायचं हिला घेऊन?”

“जांबरुंगकडं,” हे म्हणाले. “मग बघू.”

“दगड झालेत टायर. उसळंल. हवा काढा थोडी, पुढची जास्त.”

दुकानातल्या कुणी हे सांगितले नव्हते, आणि ते शंभर टक्के खरे आहे. सैल टायर मातीला धरतो. वांगणी येईपर्यंत हे खाली बसून व्हॉल्व्हची टोपी काढत होते, म्हातारा अंगठ्याने दाबून “अजून, अजून” म्हणत होता, आणि मी सायकलीचे हँडल धरून उभी होते.